वस्तू, स्थळ आणि कथन : नगर जिल्ह्यातील इतिहासजतनाचा एक विचार

नगर शहराच्या पूर्वेस डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू उभी आहे. दुरून नजरेस पडणाऱ्या या वास्तूला नगरची लहानथोर माणसे 'चांदबिबीचा महाल' म्हणून ओळखतात. शाळांच्या सहली तेथे जातात आणि पाहुणे आले की त्यांना हौसेने तेथे नेले जाते. वस्तुतः ही वास्तू महाल नव्हे आणि चांदबिबीशी तिचा प्रत्यक्ष संबंधही नाही. पहिल्या मूर्तजा निजामशहाचा कारभारी दुसरा सलाबतखान याची ती कबर होय. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या अहमदनगर खंडातही ती सलाबतखानाची कबर म्हणूनच वर्णिलेली आहे. म्हणजे छापील ग्रंथ सुमारे एकशेचाळीस वर्षे एक सांगत आहेत आणि लोक दुसरेच म्हणत आहेत. वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्यामुळे तिचे दगड सुरक्षित आहेत. परंतु तिचा इतिहास सुरक्षित आहे काय, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा नगर जिल्ह्यातील काही स्थळांच्या आणि संग्रहांच्या आधारे विचार करावयाचा आहे.

तीन घटक

प्रादेशिक इतिहासाचे जतन म्हटले की सामान्यतः दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे वस्तू : नाणी, शस्त्रे, मूर्ती, ताम्रपट, कागदपत्रे. दुसरी म्हणजे स्थळ : किल्ले, मंदिरे, मशिदी, कबरी, वाडे, पांढरीची टेकाडे. या दोहोंच्या संरक्षणासाठी कायदे आहेत. स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांच्यासाठी केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्र राज्याचा १९६० चा अधिनियम आहे. पुरावस्तूंसाठी १९७२ चा अधिनियम आहे. २०१० मध्ये केंद्रीय अधिनियमात दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवतीचा १०० मीटरचा परिसर बांधकामास प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा परिसर नियंत्रित ठरविण्यात आला.

तिसरा घटक मात्र कोणत्याही अधिनियमात येत नाही. तो म्हणजे कथन. ही वस्तू कोणाची, येथे काय घडले, लोक याविषयी काय सांगतात आणि ते तसे का सांगतात, या सर्वांचा समावेश कथनात होतो. कथनावाचून वस्तू मुकी राहते आणि स्थळ केवळ हवा खाण्याची जागा होऊन बसते. कथनाचे माध्यम भाषा हे आहे. म्हणूनच संग्रहालय आणि स्मारक हे विषय केवळ इतिहास व पुरातत्त्व या विभागांचे आहेत, असे मानून मराठीच्या अभ्यासकाला स्वस्थ बसता येणार नाही. वस्तू, स्थळ आणि कथन हे तीन घटक जेथे एकत्र राहतात तेथे इतिहास टिकतो. त्यांची ताटातूट होते तेथे, संरक्षण कितीही चोख असले तरी, इतिहास हातचा निसटतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

दायमाबाद : वस्तू गेली, स्थळ उरले

या ताटातुटीचे जिल्ह्यातील ठळक उदाहरण म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील, प्रवरेकाठचे दायमाबाद. १९५८ मध्ये हे स्थळ प्रकाशात आले आणि १९५८-५९ पासून १९७९ पर्यंत तेथे टप्प्याटप्प्याने उत्खनने झाली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर तेथे एकावर एक आढळले. हडप्पा परंपरेचा दक्षिणेकडील विस्तार दाखविणारे स्थळ म्हणून दायमाबादचे नाव पुरातत्त्वाच्या ग्रंथांतून सर्वत्र पोचले.

त्याहून अधिक कीर्ती मिळाली ती १९७४ मध्ये सापडलेल्या चार धातुमूर्तींना. बैलजोडीचा रथ व तो हाकणारा पुरुष, म्हैस, हत्ती आणि गेंडा अशा या मूर्तींचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक भरते. त्या शास्त्रीय उत्खननात मिळाल्या नाहीत. गावातील एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना मिळाल्या. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या थरातील, याची निरपवाद नोंद होऊ शकली नाही. काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानतात, तर धातूच्या मिश्रणातील अर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून काहींनी या काळनिश्चितीविषयी शंका घेतली. स्थळाशी असलेला वस्तूचा धागा क्षणभर सुटला की पिढ्यान् पिढ्या पुरेल असा वाद कसा उभा राहतो, हे यावरून ध्यानात यावे.

पुढे या मूर्ती जिल्ह्याबाहेर गेल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या मोठ्या संस्थांच्या नावाशी आज त्यांची ओळख निगडित आहे. त्यांची सुरक्षितता, तज्ज्ञांची देखरेख आणि जगभरच्या अभ्यासकांची सोय पाहता हे योग्यच झाले. आक्षेप मूर्तींच्या स्थलांतराला नाही. मूर्तींसोबत त्यांची कथाही गेली, आणि मागे राहिलेल्या गावाला त्या कथेतील आपला वाटा मिळाला नाही, ही खरी उणीव आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावाचेही असेच आहे. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले आणि महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. जगातील पुरातत्त्वज्ञ ज्या गावाचे नाव घेतात, त्या गावातील शाळेच्या भिंतीवर त्या संस्कृतीच्या तोटीच्या भांड्याचे एखादे चित्र असावे आणि त्याखाली चार ओळी असाव्यात, ही अपेक्षा फार मोठी नाही. प्रतिकृती, छायाचित्र आणि सोप्या मराठीतील निवेदन एवढ्या सामग्रीवरही तुटलेला धागा पुन्हा जोडता येतो.

नेवासे : तिघांची भेट

याउलट स्थिती नेवाशाची. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो 'पैस' खांब आजही मूळ जागी उभा आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काळ, यादव राजा रामचंद्र, गोदातीरीचा प्रदेश, महालया हे दैवत आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांचा निर्देश येतो. नेवाशाच्या मोहिनीराजाशी त्या महालयेची संगती परंपरेने आणि अभ्यासकांनी लावली आहे. म्हणजे येथे ग्रंथ स्थळाची साक्ष देतो आणि स्थळ ग्रंथाची. मराठी वाङ्मयात असा योग विरळाच.

तथापि येथेही एक सूक्ष्म निसटणे आहे. पैस खांबावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. करवीरेश्वराच्या देवळात अखंड दिवा तेवत राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. हा खांब ज्ञानेश्वरीचा साक्षीदार होण्यापूर्वी एका शिवमंदिराचा भाग होता, त्या मंदिराला दान देणारे घराणे होते आणि तेथे तेलाचा हिशेब ठेवला जात होता, हे सारे तो लेख सांगतो. खांबाला मिठी मारणाऱ्या वारकऱ्याच्या भावनेला या माहितीने कोठेही बाध येत नाही. उलट ज्या भूमीवर ज्ञानदेव बसले ती किती जुन्या श्रद्धेची होती, हे त्याला कळते. भक्ताने खांबाला स्पर्श करावा आणि अभ्यासकाने त्यावरील अक्षरे वाचावीत. या दोन्ही गोष्टी एकाच जागी घडण्यात विसंगती नाही.

नेवाशाच्या 'लाडमोड' टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननाने या भूमीचा कालपट आणखी मागे नेला. प्रवरेच्या पात्रालगतच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे, त्यावर ताम्रपाषाणयुगीन वस्ती, सातवाहन काळ, रोमन व्यापाराच्या खुणा आणि मुसलमानी-मराठा काळ अशी मालिका तेथे उलगडली. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाचे इंग्रजी शीर्षकच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाण्याचा मार्ग सुचविणारे होते. ज्ञानेश्वरीसाठी नेवाशाला येणाऱ्या माणसाला, आपण उभे आहोत त्या मातीखाली हजारो वर्षांची वस्ती आहे, हे सांगणारे कोणीतरी हवे. वस्तू, स्थळ आणि कथन यांची भेट येथे झालीच आहे. कथनाचा पल्ला मात्र वाढवावयास हवा.

भुईकोट किल्ला : ग्रंथ बाहेर, स्थळ आत

नगरच्या भुईकोट किल्ल्याची गोष्ट निराळी आहे. हुसेन निजामशहाने १५५९ च्या सुमारास तो दगडी स्वरूपात बांधण्यास घेतला. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढविला आणि १६०० मध्ये तो मोगलांकडे गेला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून तो जिंकला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतील बारा नेते येथे बंदिवासात आले. त्यांत सरदार पटेल, मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव इत्यादींचा समावेश होता.

या बंदिवासातून निदान दोन महत्त्वाचे ग्रंथ जन्मले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिला. त्याच्या अर्पणपत्रिकेत अहमदनगर किल्ल्याच्या बंदिशिबिराचा उल्लेख आहे आणि पहिल्या प्रकरणाला किल्ल्याचेच नाव आहे. तुरुंगाच्या आवारात बागेसाठी माती खणताना जुन्या भिंतींचे व घुमटांचे अवशेष लागल्याचे आणि त्या अनुषंगाने चांदबिबीचे स्मरण झाल्याचे नेहरू तेथे नमूद करतात. भारताच्या भूतकाळाचा शोध घेणाऱ्या लेखकाच्या कुदळीला नगरचा भूतकाळ लागावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. मौलाना आझादांचा 'गुबार-ए-खातिर' हा पत्रसंग्रह उर्दू गद्यातील एक मानबिंदू समजला जातो. त्यातील चहाविषयीचे आणि कोठडीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांविषयीचे लेखन याच किल्ल्यातले आहे. दोन्ही ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशावर स्वाभाविकच निर्बंध आहेत. त्यामुळे येथे कथन जगभर फिरले आणि स्थळ तटाच्या आत राहिले. नगरचा विद्यार्थी हे ग्रंथ परीक्षेत केवळ नावाने ओळखतो. ते आपल्या गावात, अमुक तटाच्या आड लिहिले गेले, ही जाणीव त्याच्या वाचनात उतरत नाही. जेथे स्थळापर्यंत पोचणे अवघड असते तेथे ग्रंथ हाच स्थळाचा दरवाजा होऊ शकतो. या ग्रंथांतील किल्ल्याविषयीचे उतारे मराठीत एकत्र आणून, नकाशासह, शाळा-महाविद्यालयांत अभ्यासले जावेत, हे काम भाषाविभागाचेच आहे.

याच शहरात फेब्रुवारी १९९४ मध्ये लष्कराने स्थापन केलेले रणगाडा संग्रहालय आहे. आशियातील आपल्या प्रकारचे पहिले म्हणून ते ओळखले जाते. तेथे होणारी गर्दी एक गोष्ट शिकविते. वस्तूपुढे तिचे नाव, तिचा देश आणि तिने पाहिलेले युद्ध एवढे जरी स्पष्ट लिहिले असले तरी सामान्य माणूस थांबतो, वाचतो आणि मुलाला वाचून दाखवतो. वाचकाची वाण नाही. वाण आहे ती वाचण्याजोग्या मजकुराची.

कागद बोलता करणे

नगर येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्रात हस्तलिखित पोथ्या, मोडी व फारसी कागद, नाणी, शस्त्रे असा विविध ऐवज जपलेला आहे. महाराष्ट्रात अशा संग्रहांची परंपरा मोठी आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ती पिढी कागद शोधणाऱ्यांची होती. आजची निकड शोधलेला कागद वाचणाऱ्यांची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली मोडी लिपी आज बहुसंख्य मराठी पदवीधरांना वाचता येत नाही. कपाटातील कागद वाळवीपासून वाचला, परंतु त्याचा वाचक उरला नाही, तर जतन अर्धेच झाले.

महजरासारखा कागद घ्या. वतनाचा वा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे येई, निवाडा होई आणि त्याखाली उपस्थितांच्या निशाण्या पडत. लिहिता न येणारा कुणबी नांगराची खूण करी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची. अशा कागदाची भाषा फारसीमिश्रित असते आणि तिचा पद आजच्या कानाला परका वाटतो. परंतु बोलत असतात ती आपलीच माणसे. काचेखाली 'मोडी कागद, अठरावे शतक' अशी चिठ्ठी लावल्याने ती माणसे बोलत नाहीत. देवनागरी लिप्यंतर, कठीण शब्दांचे अर्थ आणि तंटा काय होता याचे चार वाक्यांतील निवेदन एवढे जोडले की तोच कागद कथेसारखा वाचला जातो.

संग्रहालयातील नामपट्टी हाही गद्यलेखनाचा एक प्रकार आहे, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. आरंभी उल्लेखिलेल्या वास्तूवर 'सलाबतखानाची कबर, सोळावे शतक' एवढेच लिहिणे चूक नाही. परंतु ते वाचणारा नगरकर मनात म्हणतो, 'हा तर चांदबिबीचा महाल', आणि पाटीकडे पाठ फिरवतो. त्याऐवजी पुढील मजकूर लिहिता येईल : 'ही दुसऱ्या सलाबतखानाची कबर. तो निजामशाहीचा कारभारी होता. लोक या वास्तूला चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये नगरचा किल्ला लढविला. तिची आठवण लोकांनी या उंच जागेशी जोडली.' अशा पाटीने इतिहासाचे सत्य राखले जाते आणि लोकस्मृतीचा अवमानही होत नाही. लोकांनी आपल्या मनातील सर्वांत उंच वास्तू एका पराक्रमी स्त्रीच्या नावे करावी, ही घटना स्वतःच लोकमानसाच्या इतिहासातील एक पुरावा आहे. तो खोडून टाकणे हे संशोधन नव्हे. तो पुरावा आहे तसा नोंदविणे हे संशोधन होय.

नावांचे थर

नावाचा प्रश्न या जिल्ह्यात सध्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे नामांतर होऊन अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले. १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांचे हे स्मरण आहे. नामांतराच्या बाजूने वा विरुद्ध युक्तिवाद करणे हा या लेखाचा विषय नाही. संग्राहकाची आणि अभ्यासकाची जबाबदारी मात्र येथे स्पष्ट आहे. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर, फर्मानांत, नाण्यांवर आणि नेहरूंच्या अर्पणपत्रिकेत जुने नाव आहे. पुढील कागदांत नवे येईल. सूचीत दोन्ही नावे नोंदविली नाहीत तर उद्याचा विद्यार्थी अर्ध्या दप्तराला मुकेल. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावचा किल्ला ग्रंथांतून बहादूरगड म्हणून येतो आणि अलीकडे धर्मवीरगड म्हणून ओळखला जातो. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून जेथे आणले ते हे स्थळ. तिन्ही नावे माहीत असल्याखेरीज त्या किल्ल्याविषयीचे साहित्य हाती लागत नाही. पांढरीच्या टेकाडात जसे थर असतात तसे नावांतही असतात. उत्खनक वरचा थर खणताना खालचा फेकून देत नाही. प्रत्येकाची नोंद करतो.

मराठी विभागांचे कार्य

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात संग्रह आणि जतन यांच्या बरोबरीने अर्थनिर्णय, सर्वांना खुलेपणा आणि समाजाचा सहभाग यांना स्थान मिळाले. नगर जिल्ह्यात या तत्त्वाचा अर्थ काय होईल? प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी विभागांना तीन कामे तातडीने हाती घेता येतील. पहिले, पदव्युत्तर वर्गात मोडी वाचन हा केवळ छंद न राहता अभ्यासाचा भाग व्हावा आणि त्याचा सराव जिल्ह्यातील कागदांवर व्हावा. दुसरे, प्रत्येक स्थळाविषयी लोक सांगतात त्या कथा, वृद्धांच्या तोंडून, त्यांच्याच बोलीत, स्थळ व तारीख नोंदवून लिहून घ्याव्यात. ताहाराबादच्या महीपतींनी अठराव्या शतकात संतांविषयीच्या कथा एकत्र केल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. कथा गोळा करणे हे या जिल्ह्याला नवे नाही. तिसरे, स्थळांच्या व संग्रहांच्या नामपट्ट्या इतिहासज्ञ आणि भाषाभ्यासक यांनी एकत्र बसून लिहाव्यात आणि त्या गावातील दहा माणसांना वाचून दाखविल्यानंतरच कायम कराव्यात.

यांपैकी एकाही कामाला मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ आणि सातत्य. मात्र अवधी थोडा आहे. दगड शंभर वर्षे वाट पाहू शकतो. कथा सांगणारी म्हातारी माणसे आणि मोडी वाचणारे हात तेवढे थांबणार नाहीत. डोंगरावरील त्या अष्टकोनी वास्तूपाशी उद्या एखाद्या मुलाने 'हे काय आहे?' असे विचारले, तर त्याला सलाबतखानही कळावा आणि चांदबिबीही. दोघांनाही उत्तरात जागा देता आली, तर ती वास्तू खऱ्या अर्थाने जतन झाली असे म्हणता येईल.